शेवाळाची शेती आणि पाण्याचा हक्क

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, लाँग आयलंड या लांबट बेटाच्या टोकाकडे ‘हॅम्प्टन्स’ नावाचा परिसर आहे. समुद्राकाठचे आलिशान बंगले, गोल्फची मैदाने आणि कातरलेली हिरवळ ही त्याची ओळख. उन्हाळ्यात येथे धनिकांची वर्दळ असते. याच परिसरात, साउदॅम्प्टन गावाला लागून असलेल्या सुमारे आठशे एकरांच्या भूशिरावर शिनेकॉक या मूलनिवासी जमातीची वस्ती आहे. या जमातीतील मूठभर महिलांनी २०२०च्या सुमारास खाडीच्या पाण्यात समुद्री शेवाळाची शेती सुरू केली. ‘शिनेकॉक केल्प फार्मर्स’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम आकाराने अगदी लहान आहे. तथापि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मूलनिवासींच्या मालकीची पहिली केल्पशेती म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि त्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. पाण्यात दोर बांधून पीक घेता येते, हे खरे. परंतु ते पाणी कुणाचे?

केल्प म्हणजे काय?

समुद्री शेवाळ हा शब्द आपल्याकडे अनेक वनस्पतींसाठी सरसकट वापरला जातो. उपवासाच्या किंवा मेजवानीच्या जेवणात दूध घालून केली जाणारी चायना ग्रासची वडी ही लाल शेवाळापासून मिळणाऱ्या अगार या पदार्थाची असते. द्राक्षबागांवर फवारल्या जाणाऱ्या अनेक पीकवर्धकांतही समुद्री शेवाळाचा अर्क असतो. केल्प हा मात्र तपकिरी शेवाळांचा गट आहे. थंड पाण्यात, खडकांना घट्ट धरून वाढणारी ही वनस्पती लांबलचक पात्यांची असते. तिला जमिनीवरच्या झाडासारखी मुळे नसतात. तळाशी पंजासारखा भाग असतो, तो केवळ आधार देण्यासाठी. अन्नद्रव्ये ती संपूर्ण पात्याच्या पृष्ठभागातून, थेट पाण्यातून शोषून घेते.

शिनेकॉक महिला ज्या जातीची शेती करतात, तिला ‘शुगर केल्प’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘सॅखरिना लॅटिसिमा’. वाळल्यावर तिच्या पात्यावर गोडसर पांढरी पूड दिसते, त्यावरून हे नाव पडले. या पिकाला गोडे पाणी लागत नाही, खत लागत नाही, खाद्य लागत नाही. सूर्यप्रकाश, थंड खारे पाणी आणि पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये एवढ्यावर ते वाढते.

जगात शेवाळाचे उत्पादन प्रचंड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये ते सुमारे ३ कोटी ७८ लाख टन होते. यातील बहुतांश वाटा आशियाचा, मुख्यत: चीन आणि इंडोनेशियाचा. अमेरिकेचा वाटा नगण्य आहे. साहजिकच तेथे बीज, वाळवणी, प्रक्रिया, बाजारपेठ आणि कायदा या सर्वच गोष्टी नव्याने उभ्या कराव्या लागत आहेत.

‘दगडी किनाऱ्याची माणसे’

शिनेकॉक या नावाचा अर्थ ‘दगडी किनाऱ्याची माणसे’ असा सांगितला जातो. या जमातीचे जीवन पूर्वापार पाण्याभोवती फिरत आले. मासे, तिसऱ्या, कालवे हे त्यांचे अन्न. शिंपल्यांपासून घडवलेले ‘वॅम्पम’ मणी हे त्यांचे वैभव. देवमाशांच्या शिकारीत हे लोक इतके वाकबगार होते, की पुढे गोऱ्या व्यापाऱ्यांच्या जहाजांवर त्यांना आवर्जून घेतले जाई. डिसेंबर १८७६मध्ये ‘सर्कॅसियन’ नावाचे जहाज या किनाऱ्यावर वाळूत रुतले. त्यातील माल वाचविण्याच्या कामावर असलेले दहा शिनेकॉक पुरुष वादळात बुडून मरण पावले. लहानशा वस्तीसाठी हा घाव फार मोठा होता. तो आजही विसरला गेलेला नाही.

समुद्री शेवाळही या जीवनाचाच भाग होते. किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ बागेत आच्छादन म्हणून टाकणे, घराच्या भिंतींत थंडीपासून रक्षणासाठी भरणे, औषधात व अन्नात वापरणे अशा उपयोगांची आठवण जमातीतील ज्येष्ठांनी जपली आहे. आजची केल्पशेती तंत्राने नवी असली, तरी ज्या वस्तूची ती शेती आहे, ती शिनेकॉकांना परकी नाही.

जमीन मात्र हातातून जात राहिली. इंग्रज वसाहतवाले १६४०मध्ये साउदॅम्प्टनला आले. १७०३मध्ये शिनेकॉक टेकड्यांचा परिसर जमातीला एक हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आला. हा पट्टा दीडशे वर्षेच टिकला. १८५९मध्ये राज्य विधिमंडळाच्या संमतीने तो मोडण्यात आला आणि सुमारे साडेतीन हजार एकर जमीन जमातीच्या हातून गेली. पुढे तेथून रेल्वे गेली, बंगले उठले आणि १८९१मध्ये शिनेकॉक हिल्स गोल्फ क्लब स्थापन झाला. या क्लबचे मैदान तयार करण्यासाठी शिनेकॉक मजूरच राबले होते.

आपली जमीन परत मिळावी म्हणून जमातीने २००५मध्ये दावा दाखल केला. २००६मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दावा करण्यास फार उशीर झाला आणि आता जुनी मालकी परत दिल्यास स्थिरावलेले व्यवहार विस्कटतील, असे त्यामागचे कारण होते. अमेरिकेच्या संघ सरकारने शिनेकॉकांना जमात म्हणून औपचारिक मान्यता दिली ती २०१०मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या आगमनानंतर ३७० वर्षांनी. या पार्श्वभूमीवर शेवाळाच्या शेतीकडे पाहिले, तर ती केवळ उत्पन्नाची बाब राहत नाही. जमिनीवरचा दावा न्यायालयात अडला. पाण्याशी असलेले नाते मात्र जमातीने कधीच सोडले नव्हते.

खाडी कशाने बिघडली?

शिनेकॉकची खाडी उथळ आहे. वाळूच्या लांबट पट्ट्याने ती अटलांटिक महासागरापासून वेगळी झालेली असून, एका मुखातून समुद्राचे पाणी आत-बाहेर करते. अशा खाडीत जमिनीवरून येणारी घाण चटकन साचते.

या परिसराची मोठी अडचण सांडपाण्याची आहे. ज्या सफोक काउंटीत हा भाग येतो, तेथील सुमारे ३ लाख ६० हजार घरे भुयारी गटारांना जोडलेली नाहीत. त्यांचे मैलापाणी शोषखड्ड्यांत किंवा सेप्टिक टाक्यांत जाते. लाँग आयलंडची जमीन वाळूची असल्याने त्यातील नायट्रोजन भूजलात उतरतो आणि भूजलातून खाडीत येतो. हिरवळीवर घातल्या जाणाऱ्या रासायनिक खतांची त्यात भर पडते. पाण्यात नायट्रोजन वाढला, की सूक्ष्म शैवालांचे पेव फुटते. पाणी तपकिरी किंवा तांबूस होते, तळाशी प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि शिंपले मरतात. १९८५मध्ये लाँग आयलंडच्या खाड्यांत तपकिरी शैवालाची पहिली मोठी लाट आली. शेजारच्या पेकॉनिक खाडीतील प्रसिद्ध स्कॅलप शिंपल्यांचा व्यवसाय तिने उद्ध्वस्त केला.

शिनेकॉकांनी याचा फटका स्वत: सोसलेला आहे. १९७०च्या दशकात जमातीने कालवांचे संवर्धन करणारा प्रकल्प उभारला होता. तो पुढे बंद पडला. पाण्याची बिघडलेली प्रत हे त्यामागचे एक कारण होते. २०१२मध्ये ‘सँडी’ चक्रीवादळ आले, तेव्हा वस्तीच्या किनाऱ्याची झीज किती गंभीर आहे, हेही दिसून आले. किनाऱ्यालगतच्या जुन्या दफनभूमीपर्यंत धोका येऊन ठेपला होता. त्यानंतर जमातीने कालवांचे बांध, मोठे दगड, वाळू आणि किनारी गवताची लागवड यांच्या साह्याने किनारा सावरण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे केल्पची कल्पना पुढे आली, तेव्हा निसर्गाच्या मदतीने निसर्ग सावरण्याचा अनुभव वस्तीकडे आधीच होता.

जोगिणींचे घर आणि बीजशाळा

समुद्री शेतीचे प्रशिक्षण देणारी ‘ग्रीनवेव्ह’ ही संस्था शेजारच्या कनेक्टिकट राज्यात काम करते. ब्रेन स्मिथ या माजी मच्छीमाराचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. दोरावर केल्प आणि त्याखाली शिंपले अशी मिश्र शेती त्याने लोकप्रिय केली. या संस्थेचा आणि शिनेकॉक महिलांचा संपर्क झाला. परंतु खाडीकाठची जमीन तर श्रीमंतांच्या ताब्यात. पाण्यात उतरण्यासाठी, सामान ठेवण्यासाठी आणि बीज तयार करण्यासाठी काठावर जागा हवी होती.

ती मिळाली एका अनपेक्षित ठिकाणाहून. ‘सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ’ या कॅथलिक जोगिणींच्या संघाचे हॅम्प्टन बेज येथे खाडीकाठी विश्रामस्थान आहे. पर्यावरणाच्या प्रश्नांत रस असलेल्या या जोगिणींनी शिनेकॉक महिलांना आपल्या आवारातून खाडीत उतरण्याची मुभा दिली आणि बीजशाळेसाठी तेथील छोटे घर वापरू दिले. ज्या चर्चच्या नावाने मूलनिवासींवर पूर्वी अनेक अन्याय झाले, त्याच चर्चच्या एका शाखेने दार उघडावे, ही गोष्ट दोन्ही बाजूंना महत्त्वाची वाटली. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर काठावरच्या या एका जागेमुळे मोठ्या भांडवलाची गरज टळली.

दोरावरचे पीक

केल्पचे पीक घेण्याची पद्धत समजून घेतली, की या उपक्रमाचे स्वरूप स्पष्ट होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपमच्या परिसरात महिला ज्या ‘कप्पाफायकस’ शेवाळाची शेती करतात, त्याचे तुकडे दोराला बांधले तरी नवे पीक येते. केल्पचे तसे नाही. त्याला बीजाणूंपासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी बीजशाळा अपरिहार्य ठरते.

शरद ऋतूत समुद्रातून पक्व केल्प आणले जाते. पात्याच्या मध्यभागी गडद रंगाचा पट्टा असतो, त्यात बीजाणू असतात. हा भाग कापून, स्वच्छ करून थंड व अंधाऱ्या जागी एक रात्र ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो थंड समुद्रजलात बुडविला, की पाण्यात लक्षावधी बीजाणू सुटतात. पाणी चहासारखे तपकिरी दिसू लागते. प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यांवर बारीक सुतळी गच्च गुंडाळून ते या पाण्यात उभे केले जातात. बीजाणू सुतळीला चिकटतात. त्यापासून डोळ्यांना न दिसणारी नर आणि मादी रोपे तयार होतात आणि त्यांच्या मीलनातून खरे केल्प जन्माला येते.

या काळात, साधारण चार ते सहा आठवडे, टाक्यांतील पाण्याचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. प्रकाश मोजून द्यावा लागतो. पाणी गाळून, निर्जंतुक करून वेळोवेळी बदलावे लागते. दुसऱ्या एखाद्या शैवालाचा शिरकाव झाला, तर संपूर्ण टाकी वाया जाऊ शकते. शेतीतील सर्वांत नाजूक आणि खर्चिक टप्पा हाच. वीज गेली, शीतयंत्र बंद पडले किंवा एखाद्या दिवशी दुर्लक्ष झाले, तर वर्षाचे बीज हातचे जाते. म्हणूनच बीज विकत घेण्याऐवजी स्वत: तयार करण्याचा निर्णय हा लहान उपक्रमासाठी मोठी जोखीम आणि त्याच वेळी मोठे स्वातंत्र्य असतो.

सुतळीवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची तपकिरी लव दिसू लागली, की डिसेंबरच्या सुमारास ती समुद्रात नेतात. दोन नांगरांच्या मध्ये ताणलेल्या जाड दोरावर ही सुतळी गुंडाळत जातात. बोयांच्या आधाराने दोर पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवला जातो. हिवाळ्यात वाढ मंद असते. दिवस मोठे होऊ लागले, की मार्चनंतर पाती झपाट्याने वाढतात आणि कित्येकदा दोन-तीन मीटर लांबीची होतात. मे महिन्याच्या सुमारास, पाणी कोमट होण्यापूर्वी काढणी उरकावी लागते. उशीर झाल्यास पात्यांवर इतर जीव बसतात, टोके झडू लागतात आणि पीक कुजते.

हा हंगाम हॅम्प्टन्सच्या दृष्टीने सोयीचा आहे. बंगले बंद असतात, हौशी नौका काठावर चढवलेल्या असतात, तेव्हा केल्प पाण्यात असते. उन्हाळी पाहुणे येईपर्यंत दोर बाहेर निघालेले असतात. याचा दुसरा अर्थ असा, की शेतकऱ्याला सर्व कामे कडाक्याच्या थंडीत, छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहून करावी लागतात.

पैशाचा हिशेब

ताज्या केल्पमध्ये जवळपास ८५ ते ९० टक्के पाणी असते. दहा किलो ओल्या पिकातून वाळल्यावर साधारण एक किलो माल हाती येतो. काढलेले पीक लवकर खराब होते. त्यामुळे वाळवण्याची जागा हा पहिला प्रश्न आणि ग्राहक हा दुसरा.

केल्पचा खाद्यपदार्थ करायचा तर अन्नसुरक्षेच्या चाचण्या, परवाने, शीतगृह आणि प्रक्रियागृह लागते. लहान उपक्रमाला हा खर्च झेपणे कठीण. शिनेकॉक महिलांनी म्हणूनच वाळवलेले केल्प बागेसाठीचे नैसर्गिक खत म्हणून विकण्यावर भर दिला. केल्पमध्ये पालाश आणि अनेक सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. मातीचा पोत सुधारण्यास त्याची मदत होते. या निवडीत व्यवहाराबरोबर एक तर्कही आहे. हॅम्प्टन्सच्या बागांतील रासायनिक खत खाडीत येते आणि ती बिघडवते. खाडीतील नायट्रोजन शोषून घेतलेले केल्प त्याच बागांत खत म्हणून परत गेले, तर बाहेरून आणलेल्या खताची गरज तेवढी कमी होते. म्हणजेच ज्यांच्या हिरवळीमुळे प्रश्न निर्माण झाला, तेच या मालाचे ग्राहक होऊ शकतात.

अर्थात एवढ्या विक्रीवर घरे चालत नाहीत. सुरुवातीच्या काळात अशा उपक्रमांना देणग्या, अनुदाने, विद्यापीठांचे साहाय्य आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर अवलंबून राहावे लागते. पूर्व किनाऱ्यावरील मूलनिवासी नसलेल्या अनेक केल्प शेतकऱ्यांनीही मासेमारी, कालवे किंवा शिंपले यांच्या जोडीला हिवाळी पीक म्हणून केल्प स्वीकारले आहे. केवळ केल्पवर पोट भरणारे शेतकरी थोडेच.

परवाना कुणाचा?

बीज आणि बाजार या अडचणी कोणाही शेतकऱ्याला येतात. मूलनिवासी उपक्रमाची खरी कसोटी लागते ती पाण्यावरील हक्काच्या प्रश्नावर. अमेरिकेत समुद्रतळ आणि किनारी पाणी यांवर सामान्यत: राज्याचे नियंत्रण असते. शेती करायची तर भाडेपट्टा घ्यावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात २०२१पर्यंत व्यापारी केल्पशेतीसाठी नीट कायदेशीर मार्गच नव्हता. डिसेंबर २०२१मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने सफोक काउंटीला गार्डिनर्स आणि पेकॉनिक या खाड्यांत केल्पसाठी पट्टे देण्याची मुभा मिळाली. शिनेकॉक खाडीचा त्यात समावेश नव्हता.

शिनेकॉक महिलांनी या कायद्याची वाट पाहिली नाही. या पाण्यावर आपल्या पूर्वजांचा हक्क होता, तो जमातीने कधीही विकलेला किंवा सोडलेला नाही, या भूमिकेतून त्यांनी शेती सुरू केली. राज्याकडे पट्टा मागणे म्हणजे मालकी राज्याची आहे हे मान्य करणे, असा हा पेच आहे. कागद मागितला तर हक्क दुबळा होतो. न मागितला तर कारवाईची टांगती तलवार राहते.

ही तलवार काल्पनिक नाही. २०१७मध्ये एका शिनेकॉक मच्छीमारावर वाम जातीच्या माशाची पिले पकडल्याबद्दल राज्याच्या अधिकाऱ्यांनी कारवाई केली. जमातीच्या इतर मच्छीमारांवरही त्यापूर्वी खटले झाले होते. त्यांनी २०१८मध्ये संघ न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. परंतु २०२२मध्ये अपील न्यायालयाने, भविष्यातील कारवाईविरुद्ध अधिकाऱ्यांवर दावा चालू शकतो, असा निर्णय दिला. हक्क सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नव्हे. मात्र तो मांडण्याचे दार बंद झाले नाही.

कॅनडातील एक निकाल या संदर्भात उल्लेखनीय आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील हाइल्टसुक जमात केल्पच्या पात्यांवर चिकटलेली हेरिंग माशांची अंडी पूर्वापार गोळा करीत आणि इतर जमातींना विकत आली आहे. जमातीतील दोघांवर अशी अंडी विकण्याच्या प्रयत्नाबद्दल खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६मध्ये ‘ग्लॅडस्टोन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने हाइल्टसुकांचा व्यापाराचा हक्कही मान्य केला. मूलनिवासींचा हक्क केवळ स्वत:च्या पोटापुरता असतो, ही समजूत त्यामुळे मागे पडली. व्यवसाय करण्याचा हक्कही परंपरेत असू शकतो, हे या निकालाचे सार आहे.

अलास्कातील अनुभव वेगळा आहे. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या पाण्यात सांडले. काही वर्षांतच तेथील हेरिंगची मासेमारी कोसळली. ईयाक जमातीचे मच्छीमार ड्यून लँकार्ड यांनी पुढे २००३मध्ये ‘नेटिव्ह कन्झर्व्हन्सी’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने कॉर्डोव्हा येथे केल्पचे बीज तयार करणे, प्रशिक्षण देणे आणि मूलनिवासी कुटुंबांना शेतीत उतरण्यास मदत करणे असे काम उभे केले. लँकार्ड यांच्या म्हणण्याचा रोख असा, की नव्या उद्योगात मोठ्या कंपन्या पाय रोवण्यापूर्वी मूलनिवासींना त्यात जागा मिळाली पाहिजे. अर्ज, सर्वेक्षण, बोट आणि बीज यांचा आरंभीचा खर्च सर्वसामान्य कुटुंबाला परवडत नाही, आणि उशीर झाला की चांगल्या जागा इतरांच्या नावे होतात.

अलास्काच्या नियमांत एक तरतूद लक्षणीय आहे. शेतापासून ५० किलोमीटरच्या आतील आणि किमान ५० वेगवेगळ्या मातृवनस्पतींपासूनच बीज घ्यावे लागते. स्थानिक वाणांची शुद्धता आणि विविधता टिकावी, हा त्यामागील हेतू. या नियमामुळे बीज दूरच्या कारखान्यातून आणता येत नाही. स्थानिक बीजशाळेला त्यातून आपोआप महत्त्व येते.

दावे आणि मर्यादा

समुद्री शेवाळाविषयी अलीकडच्या वर्षांत मोठमोठे दावे केले जातात. हवामानबदलावरचा रामबाण उपाय अशा शब्दांत त्याचे वर्णन होते. येथे थोडा सावधपणा आवश्यक आहे. केल्प वाढताना कार्बन शोषते. परंतु ते कुजले, खाल्ले गेले किंवा खत म्हणून मातीत मिसळले, की त्यातील बराचसा कार्बन पुन्हा हवेत किंवा पाण्यात जातो. नायट्रोजनची गोष्ट अधिक खात्रीची आहे. पीक पाण्याबाहेर काढले, की त्यातील नायट्रोजनही खाडीबाहेर जातो.

मात्र प्रमाण ध्यानात घ्यावे लागेल. वाळलेल्या केल्पमध्ये साधारण दोन ते तीन टक्के नायट्रोजन असतो. एक टन ओले केल्प काढले, तर अवघा दोन-तीन किलो नायट्रोजन बाहेर पडतो. एका माणसाच्या सांडपाण्यातून वर्षाला चार ते पाच किलो नायट्रोजन निघतो. म्हणजे एक टन केल्प एका माणसाचाही वर्षभराचा भार पुरता उचलत नाही. लाखो शोषखड्डे जसेच्या तसे ठेवून मूठभर महिलांनी खाडी शुद्ध करावी, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२पासून याच खाडीत तिसऱ्यांची अभयक्षेत्रे निर्माण केली आणि पाण्यात सुधारणा दिसू लागली. २०२२मध्ये ‘मिशन ब्लू’ या संस्थेने शिनेकॉक खाडीला ‘होप स्पॉट’ म्हणून गौरविले. शिंपले, केल्प, किनारी गवत आणि सांडपाण्याची सुधारित व्यवस्था या सर्वांनी मिळूनच खाडी सावरू शकते.

दुसरे संकट तापमानाचे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर शुगर केल्पची नैसर्गिक दक्षिण सीमा लाँग आयलंडच्याच परिसरात येते. समुद्र तापत गेला, तर पिकाचा हंगाम आखूड होईल आणि मातृवनस्पती मिळणेही अवघड बनेल. ज्या वस्तीची जमीन वाढत्या पाण्याने झिजते आहे, तिच्या पिकालाही त्याच तापमानवाढीचा धोका आहे.

लहान राहण्याचे गणित

असे उपक्रम मोठे का होत नाहीत, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. शिनेकॉक महिलांच्या बाबतीत त्याचे उत्तर त्यांच्या उद्दिष्टातच आहे. गुंतवणूकदार आणला, तर वाढीचा वेग आणि नफ्याची दिशा तो ठरवणार. जमातीचा हक्क हे ज्याचे मुख्य भांडवल आहे, त्या उपक्रमाला हा सौदा महाग पडू शकतो. सामूहिक मालकी, वस्तीतील मुलामुलींना बीजशाळेत शिकवणे, ज्येष्ठांच्या ज्ञानाला कामात स्थान देणे या गोष्टींची नोंद ताळेबंदात होत नाही. परंतु उपक्रम टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

अशा उपक्रमासाठी चार गोष्टी निर्णायक ठरतात: काठावर उतरण्याची हक्काची जागा, स्वत:चे बीज, स्थानिक ग्राहक आणि पाण्यावरील हक्काची स्पष्टता. पहिल्या तीन गोष्टी शिनेकॉक महिलांनी कष्टाने आणि शेजाऱ्यांच्या सहकार्याने उभ्या केल्या. चौथी त्यांच्या हाती नाही; ती न्यायालयांत आणि राज्याच्या राजधानीत ठरणार आहे. तोवर दर हिवाळ्यात, हॅम्प्टन्समधील बंगल्यांची दारे बंद झाली, की थंड पाण्यात उतरून दोर बांधणे आणि आपण या पाण्याचे आहोत हे कृतीने सांगत राहणे, एवढेच त्यांच्या हाती उरते.